चिखलातल्या जुन्या वाटेवर सहा गाड्या: आधी शेवटच्या गाडीचा विचार करा

प्रश्न असा आहे. सहा गाड्या, चौदा माणसं. तीन गाड्या लो रेंज (गाडी सावकाश पण जास्त जोराने चालवणारा गिअर) असलेल्या खऱ्या फोर-बाय-फोर, एक ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि दोन फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या एसयूव्ही. नवा रस्ता झाल्यावर ओस पडलेली २४ किलोमीटरची जुनी गाडीवाट, आणि पाऊस उघडून दोनच दिवस झालेले. गटातल्या दोघांचं म्हणणं, "दोर आहे ना, रुतली तर ओढून काढू." बाकीच्यांच्या मनात धाकधूक आहे. तयारी काय करावी, आणि साध्या दोन गाड्या न्याव्यात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. साध्या दोन गाड्या पक्क्या रस्त्यावरच ठेवा आणि त्यातली माणसं उरलेल्या चार गाड्यांत घ्या. चौदा माणसं चार गाड्यांत बसतात. माझं हे उत्तर गेल्या वीस-बावीस वर्षांत बदललेलं नाही. या गाड्या वाईट आहेत म्हणून मी हे सांगत नाही. कारण चिखलाच्या स्वभावात आहे, आणि ते नीट कळलं की तयारीचे बाकीचे निर्णय सोपे होतात.

चिखलाच्या वाटेवर पहिली गाडी आणि सहावी गाडी एकाच रस्त्यावरून जात नसतात. पहिली गाडी जाते ती भिजलेल्या, पण अजून न मोडलेल्या जमिनीवरून. गवताची मुळं आणि वर धरलेली सुकी साय तिला तोलून धरते. तिच्या चाकांनी ती साय फाटते. दुसरी त्या फाटलेल्या जागेतून जाते. तिसरीपर्यंत चाकोरी वीतभर खोल होते. मग चौथी किंवा पाचवी पोट टेकते: चाकं चाकोरीत, मधला उंचवटा डिफरन्शियलला (आसाच्या मधल्या गिअरच्या डब्याला) भिडलेला, चाकं गरगर फिरताहेत आणि गाडीचं वजन मात्र चाकांवर नाहीच. त्या चालकाचं काहीही चुकलेलं नसतं. त्याच्या वाट्याला रस्ताच वेगळा आला. म्हणून पुढचा माणूस पार गेला आणि हात करून "या" म्हणाला, तर त्यावर मागच्यांनी निर्णय घ्यायचा नसतो. निर्णय शेवटच्या गाडीच्या हिशोबाने घ्यायचा.

याच्या उलटही घडतं, आणि जाणत्याला तो फरक ओळखता आला पाहिजे. जुन्या वाटेखाली दगड-मुरमाचा पाया शाबूत असेल आणि वर चार बोटं राड असेल, तर पहिल्या दोन गाड्या ती राड बाजूला सारतात आणि मागच्यांना टणक जमीन मिळते. तिथे शेवटची गाडी सगळ्यात सुखात जाते. वरून दोन्ही जागा सारख्याच दिसतात. गाडीत बसून हा फरक कुणालाही कळत नाही, त्यासाठी उतरावंच लागतं.

उतरायचं म्हणजे काय करायचं ते सांगतो. कमरेएवढी मजबूत काठी घ्या आणि पायात घोट्याच्या वर जाणारे बूट घाला. जिथून डावं चाक जाणार तिथून आणि जिथून उजवं चाक जाणार तिथून, अशा दोन ओळींत चाला. मधून चालून काही कळत नाही. दर दोन पावलांवर टाच जोरात दाबा आणि काठी खुपसा. काठी चार बोटांवर ठक्क करून थांबली तर खाली पाया आहे. ती हळूहळू जड होत आत गेली तर खाली चिकणमाती आहे आणि ती प्रत्येक गाडीबरोबर खोल होत जाणार. काठी आत गेली आणि उपसताना चोखल्यासारखा आवाज आला, तर तिथे चाकही तसंच धरलं जाईल. मातीचा गोळा हातात दाबून बघा. अंगठ्याने त्याची लांब पट्टी निघाली तर ती चिकणमाती, टायरच्या खाचा भरून टायरला गुळगुळीत करून टाकणारी. गोळा फुटला तर त्यात रेती जास्त आहे आणि ओल असूनही ती बरी साथ देते.

एकदा अशाच मोडक्या वाटेवर एक साधं डबकं लागलं. आठ-दहा फूट लांब, पाणी गढूळ, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या सरळ आत गेलेल्या. पुढचे म्हणाले, घोटाभर पाणी दिसतंय, काढा. मी काठी घेऊन उजव्या चाकोरीतून निघालो. तीन पावलं जमीन टणक होती. चौथ्याला काठी हातातून निसटावी तशी मांडीएवढी खाली गेली. वाटेखालची मोरी कधीतरी खचली होती, वरचा दगड एका अंगाला सरकला होता आणि त्या भगदाडावर पाणी शांत पसरलेलं होतं. गाडी गेली असती तर पुढचं चाक अख्खं आत गेलं असतं. त्या दिवशी आम्ही तिथूनच परत फिरलो, आणि मला एक सवय कायमची लागली. जुन्या वाटेवर पाणी दिसलं की मी पहिला प्रश्न विचारतो, हे पाणी इथे का थांबलं?

कारण वाट ओस पडते ती सहसा कशामुळे तरी. एखादा साकव कुजलेला असतो, कडा ढासळलेली असते, मोरी बुजल्यामुळे पाणी वाटेवरूनच वाहू लागलेलं असतं. वाटेची कुणी देखभाल करत नसल्यामुळे दोन्ही बाजूंचे चर भरतात आणि चाकोऱ्याच ओहोळ होतात. गवतात जुन्या कुंपणाची काटेरी तार लपलेली असते. ती आसाला गुंडाळली की सुटता सुटत नाही. लाकडी साकव दिसला तर त्यावर गाडी घालू नका, खालून बघितल्यावर चांगला वाटला तरीही. लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून ठीक दिसतं. वाटेच्या कडेला इतर गवतापेक्षा जास्त हिरवंगार, लव्हाळ्यासारखं गवत दिसलं तर खाली पाणी मुरलेलं आहे, चाक तिकडे जाऊ देऊ नका. अशा वाटेवर वाटेच्या मधोमध राहणं नेहमीच शहाणपणाचं, कारण गाडीवाट बांधताना पाया तिथेच घातलेला असतो. कडा मागाहून वाहून आलेल्या मातीच्या असतात.

आता गाड्यांचा क्रम. बहुतेक गट सगळ्यात दणकट गाडी पुढे ठेवतात. मी ती शेवटी ठेवतो, कारण सगळ्यात खराब रस्ता तिच्या वाट्याला येणार आणि ती रुतली तर मागून ओढायला कुणी नसतं. तुमच्या चार गाड्यांत विंच (दोर ड्रमवर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) असलेली एक पुढे, विंच असलेली किंवा निदान डिफ लॉक (आसाची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) असलेली दुसरी शेवटी. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी दुसऱ्या क्रमांकावर, जमीन अजून फारशी फाटलेली नसते तेव्हाच तिला जाऊ द्या. या गाड्यांना बहुतेक वेळा लो रेंज नसते, पोट खाली असतं, आणि मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच जास्त वेळ चाकं फिरवली की तापतो व स्वतःला वाचवण्यासाठी मागची चाकं सोडून देतो. नेमकी गरज असते तेव्हाच गाडी पुन्हा पुढच्या चाकांवर येते. तीन-चार खराब पट्टे आहेत असं पायी पाहणीत कळलं, तर तिलाही साध्या गाड्यांबरोबर ठेवा. मग चौदा जणांतले दोघं-तिघं गळतील. ते कोण, हे निघायच्या आदल्या दिवशीच ठरवा, वाटेवर उभं राहून नको.

गटाचा एक नियम मी कधीच मोडू देत नाही: प्रत्येक चालक आपल्या मागच्या गाडीला जबाबदार. फाटा आला, वळण आलं, तर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं. प्रत्येकाने हे पाळलं तर पूर्ण रांग आपोआप जुळून राहते आणि कुणी हरवत नाही. अडथळ्यात एका वेळी एकच गाडी. मागची गाडी टणक जमिनीवर, दोर पोचेल इतक्या अंतरावर उभी. चढावर किंवा उतारावर तर पुढची पूर्ण बाहेर पडून "मोकळी" असं वॉकी-टॉकीवर सांगेपर्यंत मागच्याने हलायचंही नाही. आणि गाडीला बाहेरून दिशा दाखवणारा माणूस एकच. तिघं तीन बाजूंनी हात करू लागले की चालक चौथीकडे जातो. दाखवणाऱ्याने गाडीच्या पुढे, चालकाला दिसेल अशा जागी आणि गाडी घसरली तरी तिच्या मार्गात येणार नाही इतकं बाजूला उभं राहावं. तो दिसेनासा झाला की चालकाने थांबायचं.

परत फिरायचा शब्द कुणाचा, हेही आधी ठरवा. माझ्या गटात तो हक्क प्रत्येकाला आहे. एकानेही "माझ्या गाडीने हे नको" म्हटलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि त्याला हिणवायचं तर मुळीच नाही. चिखलातले बहुतेक अपघात मी पाहिले ते गटासमोर नाही म्हणायला लाज वाटलेल्या माणसांचे होते.

गाडी चालवण्याबद्दल. टायरची हवा उतरवा, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असेल तर चिखलासाठी २० च्या आसपास आणा. टायर रुंद होण्यापेक्षा त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि वजन जास्त जागेवर पसरतं. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा उतरवली की टायरची बगल फुगते आणि टोकदार दगडाने लवकर फाटते, म्हणून वेग कमी ठेवा. डांबरावर परतण्याआधी हवा भरायला कॉम्प्रेसर बरोबर हवाच.

फोर-लो, म्हणजे चारही चाकं लो रेंजमध्ये, खराब पट्ट्याच्या आधी टाका, आत शिरल्यावर नाही. लो रेंजमध्ये गाडी इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडीगणिक दोन ते चारपट सावकाश चालते आणि तेवढाच जोर वाढतो. चिखलात साधारण दुसरा किंवा तिसरा गिअर बरा, पहिल्यात चाक पटकन फिरायला लागतं. पट्ट्यात शिरल्यावर गिअर बदलायला जाऊ नका. क्लच दाबला त्या क्षणी चिखल गाडीला धरतो. ईएसपी (गाडीचा तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद करा, नाहीतर ते चाक फिरलं की इंजिनाची ताकदच कापून टाकतं. ट्रॅक्शन कंट्रोल वेगळं ठेवता येत असेल तर चालू राहू द्या. ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे ढकलतं, पण त्यासाठी पाय स्थिर हवा. दर सेकंदाला पाय उचलणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. डिफ लॉक चाकं शांत असताना लावा. गरगरत्या चाकावर लावलेला लॉक आतले दाते तोडू शकतो.

चाकोरीत गाडी असली की स्टिअरिंगवर विश्वास ठेवू नका. चाकं वळलेली असतात पण गाडी सरळच जात राहते, म्हणून चालकाला वाटतं चाकं सरळ आहेत. मग एखाद्या ठिकाणी चाकोरीची कड खचते, टायरला पकड मिळते आणि गाडी एकदम कडेला उडी मारते. बाहेर उभ्या माणसाला अधूनमधून विचारत राहा, "चाकं सरळ आहेत का?" अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, बाहेरून धरा. लपलेल्या दगडाला चाक आपटलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं आणि अंगठा मोडतो.

आणि हे मी प्रत्येक नव्या माणसाला हात धरून शिकवतो: गाडी पुढे जायची थांबली की पाय उचला. लगेच. अजून एक दाब देऊन बघू, असं वाटतं तेवढ्या दोन-तीन सेकंदांत फिरणारी चाकं स्वतःसाठी खड्डा खणतात. पाय वेळेत उचलला तर निम्म्या वेळा आपल्याच चाकोरीतून मागे येता येतं, कारण मागची जमीन आपणच दाबून ठेवलेली असते. स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवून टायरच्या कडेच्या खाचांना भिंतीचा आधार मिळतो का ते बघा. एक-दोन प्रयत्नांत नाही जमलं तर इंजिन बंद करून उतरा. इंजिन चालू ठेवून काच लावून गाडीत बसून राहणं धोक्याचं, कारण सायलेन्सरचं तोंड चिखलात बुडालेलं असेल तर धूर आत येऊ शकतो.

आता "दोर आहे ना" या वाक्याकडे येतो, कारण माणसं खरी जखमी होतात ती इथे.

रुतलेली गाडी ओढायला लागणारा जोर लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. सैन्यातल्या गाड्या काढणाऱ्यांचा एक जुना आडाखा आहे. चाकापर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, त्याच्याही वर गेली तर तिप्पट. दोन टनांची गाडी मडगार्डपर्यंत गेली की ४ टनांचा जोर लागणार. तुमचा बाजारातला साधा टो-दोर आणि बंपरखालचा वेटोळा हूक यासाठी बनलेलेच नाहीत. गाडीच्या पोटाखाली दिसणारी काही कडी तर फक्त ट्रकवर गाडी बांधण्यासाठी दिलेली असते. ट्रेलर जोडायचा गोल टो-बॉल तर ओढायला कधीच वापरू नका. तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो, आणि अशा टो-बॉलने माणसं मेलेली आहेत. चॅसीला बोल्टने पक्का बसवलेला, वजनासाठी प्रमाणित रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढायची जागा) पुढे आणि मागे नसेल, तर ती गाडी चिखलात न्यायला तयार नाही, बाकी सगळं असलं तरी.

मी एकदा शॅकल, म्हणजे दोर अडकवायची लोखंडी कडी, तुटताना पाहिला आहे. दोर ताणला गेला, काहीतरी टण्णकन वाजलं, आणि पुढच्या गाडीच्या बॉनेटवर मुठीएवढा खोल खळगा पडला. लोखंड कुठून कुठे गेलं ते कुणाच्याच डोळ्यांना दिसलं नाही. खळगा दिसला तेवढाच. तिथून हातभर डावीकडे काच होती आणि काचेमागे चालक. तेव्हापासून मी जिथे जमेल तिथे दोराचा विणलेला सॉफ्ट शॅकल वापरतो, दोरावर जड ओलं पोतं किंवा डॅम्पर टाकतो आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकाही माणसाला उभं राहू देत नाही. फोटो काढणाऱ्यांना तर आणखी लांब.

म्हणून पहिलं हत्यार फावडं, दोर नंतर. अर्धा तास खणलं तर ओढायला जोर पुष्कळ कमी लागतो. चारही चाकांच्या पुढची माती उताराने काढा, डिफरन्शियलखालचा उंचवटा मोकळा करा, आणि चाकाच्या बाजूने कड फोडून हवा आत जाऊ द्या. चिखलाची चोखण सुटली की गाडी हलकी होते. लांब दांड्याचं फावडं घ्या, म्हणजे गाडीखाली अंग घालायची वेळ येत नाही. चिखलात जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-पायही नेऊ नका. जॅकखाली रुंद फळी नसेल तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. मग ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या दातेरी पाट्या) चाकाखाली जितके आत जातील तितके घुसवा आणि अगदी हलक्या पायाने गाडी त्यावर चढवा. बोर्डवर चाक गरगर फिरवलं की दाते वितळतात. बोर्डच्या रेषेत गाडीच्या मागे कुणी उभं राहू नये, ते मागे फेकले जातात.

एवढं करून नाही निघाली तर कायनेटिक दोर. हा नायलॉनचा असतो, ताणला की साधारण ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि रबरासारखा परत येताना गाडी उपसून काढतो. तो हलक्या गाडीच्या भरल्या वजनाच्या दोन ते तीनपट तुटण्याच्या ताकदीचा हवा. फार जाड घेतला तर तो ताणलाच जात नाही आणि सगळा झटका चॅसीवर येतो. ओढणाऱ्या गाडीने दोन-अडीच मीटर ढील ठेवून चालत्या माणसापेक्षा थोड्याशाच जास्त, ताशी ८-१० किलोमीटर वेगाने निघायचं. वेग दुप्पट केला तर झटक्याची ऊर्जा चौपट होते. दोन टनांची गाडी ताशी १० ला सुमारे ७,७०० ज्यूल घेऊन येते, ताशी २० ला सुमारे ३१,०००. "जरा जोरात घे" म्हणणाऱ्याला हे दोन आकडे सांगा. दोन-तीन हलक्या प्रयत्नांत नाही निघाली तर पुन्हा फावडं हातात घ्या. झटका द्यायचा तो फक्त याच दोराने. साखळी, लोखंडी तार किंवा विंचचा दोर झटक्यासाठी कधीच नाही.

विंच संथ असते म्हणून मला ती जास्त आवडते. गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची घ्या, आणि लक्षात ठेवा की लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थरासाठी असते. दोर जितका कमी सोडाल तितकी ओढ कमी. पुली लावली की वेग निम्मा होतो आणि ओढ जवळपास दुप्पट. जास्तीत जास्त दोर सुटतो हा वेगळा फायदा. पण सगळा दोर सोडू नका. ड्रमवर लोखंडी तारेचे निदान ५ आणि सिंथेटिक दोराचे निदान १० वेढे राहिलेच पाहिजेत. झाडाला बांधताना रुंद पट्टा वापरा, नाहीतर साल सोलून झाड मरतं. पूर्ण भाराखाली विंच ४०० अँपिअरच्या आसपास वीज ओढते, त्यामुळे इंजिन चालू ठेवा, आणि मध्ये थांबून मोटर गार होऊ द्या. हातमोजे चामड्याचे. दोराला गाडी बांधलेली असताना त्यावरून कुणीही ओलांडून जायचं नाही.

उतार आणि चढ यांबद्दल थोडक्यात, पण हे विसरू नका. निसरडा उतार उतरायच्या आधी विचारा, पुढे वाट बंद निघाली तर हाच चढून येता येईल का? येणार नसेल तर उतरू नका. उतरताना पहिला लो गिअर, सरळ खाली, क्लचवर पाय नाही. गाडी घसरायला लागली की ब्रेक मारायची इच्छा होते. त्याऐवजी किंचित रेस द्या म्हणजे चाकं पुन्हा फिरतील आणि स्टिअरिंग ऐकेल. चढात गाडी थांबली तर वळवायचा प्रयत्न करू नका, आडवी झाली की उलटते. रिव्हर्स टाका आणि आल्या रेषेत सरळ मागे या.

ओढा लागला तर आधी पायी. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा चालताना तुमचाच तोल जात असेल तर गाडी घालायची नाही. गाडी पाण्यात किती खोल चालते ते तिच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि गाड्यागाड्यांत दुपटीचा फरक असतो. गटातल्या सगळ्यात कमी आकड्याच्या गाडीवर ठरवा. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी म्हणूनच पुन्हा स्टार्ट मारून बघायची नाही. पाण्यात जाण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

वेळेचा हिशोब नेहमी चुकतो. २४ किलोमीटर ऐकायला काहीच नाही, पण पायी पाहणी, खणणं आणि ओढणं धरून ताशी तीन-चार किलोमीटर झाले तरी पुष्कळ झाले. तुम्ही सहा-आठ तास धरा आणि सकाळी लवकर निघा. दुपारी बारापर्यंत निम्मी वाट झाली नाही तर, कितीही बरी वाटली तरी, परत फिरा. परतीची वाट तुम्ही स्वतःच फाडून ठेवलेली असते, हे धरूनच वेळ राखायची. अंधारात चिखलाची खोली कळत नाही आणि थकलेल्या हातांनी शॅकल नीट लागत नाही. कुठे शिरलो आणि किती वाजेपर्यंत बाहेर यायचं, हे बाहेरच्या एका माणसाला सांगून ठेवा. पाणी, कोरडे कपडे आणि रक्त थांबवायला पुरेशा पट्ट्या प्रत्येक गाडीत असू द्या, एकाच गाडीत सगळं नको.

वाट ओस आहे म्हणजे बेवारस आहे असं नाही. ती कुणाच्या तरी जमिनीतून जाते, परवानगी आधी घ्या, आणि फाटक जसं सापडलं तसंच सोडा, उघडं तर उघडं आणि बंद तर बंद. डबकं टाळायला बाजूने नवी वाट पाडू नका. एकाने पाडली की दुसरा त्याच्या बाजूने आणखी एक पाडतो, आणि एका गाडीची वाट पाच गाड्यांएवढी रुंद होते. चिखलातल्या खोल चाकोऱ्या सुकल्यावर दगडासारख्या होतात, पुढच्या पावसात त्यातूनच पाणी धावतं आणि दोन-तीन वर्षांत तिथे घळ तयार होते. मला हे मनापासून लागतं, कारण ज्या वाटांवर मी शिकलो त्यातल्या काही अशाच संपल्या. अमेरिकेच्या वनखात्याने १९८५ साली 'ट्रेड लाइटली' ही मोहीम काढली ती याच कारणाने, आणि आज जगभरचे ऑफ-रोड गट तिचे नियम मानतात. चाकोरी वीतभरापेक्षा खोल जायला लागली की मी गट थांबवतो. गाड्या अजून जाऊ शकत असल्या तरी थांबवतो. दोन दिवस उघडीप पुरेशी आहे का, याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. चिकणमातीला सहसा आठवडाभर तरी ऊन लागतं, आणि तुम्हाला थांबता येत असेल तर थांबाच.

बाहेर आल्यावर डांबरावर लगेच वेग घेऊ नका. रिमच्या आत चिखलाचा गोळा बसलेला असतो, त्याने चाकाचा तोल जातो आणि ताशी ६०-७० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक अलाइनमेंट बिघडलं म्हणून घाबरतात. काठीने रिम आतून खरवडा, ब्रेक हलके दाबून सुकवा, हवा भरा. गवताचं बी आणि माती रेडिएटरच्या जाळीत अडकली असेल तर मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा, नाहीतर घाटात किंवा रहदारीत गाडी तापते. पोटाखालचं गवत काढा, सायलेन्सरला चिकटून सुकलं की पेट घेतं.

गाडी त्याच दिवशी, त्याच भागात धुवा. टायरच्या मातीतून तण आणि झाडांचे रोग दुसरीकडे जातात. ऑस्ट्रेलियात मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा असाच गाड्यांच्या चिखलातून पसरतो, म्हणून तिथे काही जंगलांच्या तोंडाशी चाकं धुवायची सोय केलेली असते. पाण्यातून गेला असाल तर दुसऱ्या दिवशी पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट थोडा सैल करून तेल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, गाडी लांब काढण्याआधी ते बदलून घ्या.